डेअरीच्या इन्फ्रारेड यंत्राची पावती कशी वाचावी?

प्रश्न : गावच्या संकलन केंद्रावर आमच्या गाईंच्या दुधाला ४.० फॅट लागते. तेच दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेड यंत्रावर ३.७ भरले. पावतीवर प्रोटीन, लॅक्टोज (दुधातली साखर) आणि युरियाचेही आकडे आहेत. आम्ही दुधात काहीच घालत नाही, मग युरिया आला कुठून? आणि कोणते यंत्र खरे मानायचे?

उत्तर : आधी युरियाची भीती काढून टाका. तो प्रत्येक गाईच्या दुधात असतोच. खाद्यातली प्रथिने पोटात कुजून अमोनिया तयार होतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो रक्तातून दुधात उतरतो. १०० मिलि दुधात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम युरिया नेहमीच सापडतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवलेली कमाल मर्यादा ७० मिलिग्रॅम आहे. मात्र पावतीवर 'युरिया' लिहिले आहे की 'युरिया नायट्रोजन', ते नीट पाहा. नायट्रोजनचा आकडा युरियाच्या निम्म्याहून थोडा कमी येतो. दोन्हींची गल्लत झाली तर खुराकाचा निर्णय चुकेल.

आता यंत्राकडे वळू. ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आली. दुधाचा अगदी पातळ थर इन्फ्रारेड किरणांसमोर धरतात. पाणी हे किरण फार शोषते, म्हणून थराची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवावी लागते. फॅट साधारण ५.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरी शोषते, प्रोटीन ६.५ च्या आणि लॅक्टोज ९.६ च्या. कोणती लहर किती कमी झाली, त्यावरून यंत्र आकडा काढते. फॅटचे मोठे गोळे किरण विखुरतात, म्हणून यंत्र दूध ४० अंशांच्या आसपास गरम करून दाबाखाली ते गोळे बारीक करते आणि मगच तपासते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे यंत्र फॅट वेगळे काढून मोजत नाही, अंदाज बांधते. त्याआधी बऱ्याच नमुन्यांचे फॅट आणि प्रोटीन रासायनिक पद्धतीने काढलेले असते आणि त्या आकड्यांशी किरणांचा आलेख गणिताने जुळवलेला असतो. हेच कॅलिब्रेशन. गाईच्या दुधावर जुळवलेल्या यंत्रात म्हशीचे दूध घातले तर आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून डेअरीत विचारायचा प्रश्न 'यंत्र कोणत्या कंपनीचे?' हा नव्हे. 'कॅलिब्रेशन कोणत्या दुधावर केले आहे आणि ते शेवटचे कधी तपासले?' हे विचारा. दूध घालणाऱ्याला ही माहिती मिळायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

गावच्या केंद्रावरचे यंत्र बहुतेक ठिकाणी अल्ट्रासॉनिक असते. ते ध्वनिलहरींवर चालते, इन्फ्रारेडवर नाही. धार काढल्या काढल्या दुधात हवेचे बुडबुडे असतात, त्यांनी त्याचा आकडा बिघडतो. त्यावर छापलेले प्रोटीनही बहुधा इतर आकड्यांवरून हिशोबाने काढलेले असते, त्यावर खुराक ठरवू नका. दोन यंत्रांत ०.१ चा फरक पडला तर वाद घालण्यात अर्थ नाही. ०.३ चा फरक मात्र दरात दिसतो. तेव्हा एकाच ढवळलेल्या दुधाचे दोन नमुने एकदमच भरा. एक यंत्रावर लावा आणि दुसऱ्याची गर्बर पद्धतीने, म्हणजे ॲसिडने फॅट वेगळे काढून, तपासणी करून मागा. ती तपासणी प्रयोगशाळेतच होऊ द्या, त्यात तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागते.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत यंत्रापेक्षा नमुन्याचा दोष जास्त वेळा निघतो. सुरुवातीच्या धारेत फॅट एक-दोन टक्केच असते, शेवटच्या धारेत ते पाचपासून दहापर्यंत जाते. कास पूर्ण मोकळी न करता नमुना भरला तर यंत्र बिचारे काय करणार? सगळे दूध कॅनमध्ये एकत्र करा, दांड्याने तळापासून वरपर्यंत ढवळा आणि लगेच बाटली भरा. वर साय धरलेल्या कॅनमधून वरच्यावर दूध घेऊ नका. नमुना दुसऱ्या दिवशी जाणार असेल तर बर्फाच्या पेटीत ठेवा. टिकवण्यासाठी काही घालायचे असेल तर प्रयोगशाळेने दिलेली गोळीच घाला. घरी फॉर्मालिन टाकू नका. आंबट झालेले दूध पाठवूच नका.

पावतीचा खरा उपयोग गोठ्यात आहे. एका गाईच्या दुधाचे फॅट भागिले प्रोटीन करा. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे गुणोत्तर १.४ ते १.५ च्या वर गेले, गाय खात नाही आणि वाळतेय, तर ती अंगावरची चरबी जाळते आहे. केटोसिसच्या शंकेने पशुवैद्यकांना बोलवा. गुणोत्तर १ च्या खाली आले तर मका भरडा आणि पेंड जास्त व वैरण कमी पडते आहे का ते पाहा. कडबा-कुट्टी वाढवा आणि खुराक दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या. युरिया सतत जास्त आणि प्रोटीन कमी दिसले तर पेंड किंवा लसूणघास भरपूर आहे, पण त्याला साथ देणारी ऊर्जा कमी आहे. पेंड थोडी घटवून मका किंवा मुरघास वाढवा. कॅनमध्ये सगळ्या गाईंचे दूध मिसळलेले असते, त्यात आजारी गाय लपते. म्हणून नुकत्याच व्यायलेल्या गाईचा नमुना वेगळा पाठवा.

प्रश्न : हे यंत्र भेसळ आणि दगडी (मस्टायटिस, म्हणजे कासेची सूज) पकडते का?

उत्तर : पाणी, साखर, बाहेरून घातलेला युरिया यांनी आलेख बदलतो, त्यामुळे शंकेचा नमुना वेगळा काढता येतो. पण तेवढ्यावर कोणाला दोषी ठरवू नये, रासायनिक चाचणी करावीच लागते. अगदी थोडी भेसळ निसटूही शकते. दगडीत वाढणाऱ्या पेशी इन्फ्रारेडवर मोजता येत नाहीत, त्यासाठी वेगळे यंत्र लागते. लॅक्टोज मात्र घसरते. एखाद्या गाईचे लॅक्टोज नेहमीपेक्षा खाली आले तर त्याच दिवशी चारही सडांची कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट करून घ्या. एसएनएफमध्येही, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांच्या आकड्यातही, एक मेख आहे. दुधातल्या क्षारांची बहुतेक भर यंत्राला किरणांतून दिसत नाही, म्हणून प्रोटीन आणि लॅक्टोजच्या बेरजेत त्यांच्यासाठी ठरावीक आकडा मिळवतात. लॅक्टोज घटले की एसएनएफ खाली येते आणि दर कापला जातो. म्हणून एसएनएफ पडले की पावतीवर लॅक्टोज आणि प्रोटीन यांपैकी काय घटले ते आधी पाहा. प्रोटीन घटले असेल तर खुराक तपासा, लॅक्टोज घटले असेल तर कास, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले असतील तर कॅन धुतल्यावर त्यात पाणी राहिले होते का ते तपासा.