वाचकांचे प्रश्न : शिसे, पारा, निकेल आणि आपल्या पांढऱ्या पेशी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाशी निगडित असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान गेली अकरा वर्षे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसे वितळवणाऱ्या एका लहान कारखान्यात काम करतात. अलीकडे त्यांना सर्दी-खोकला वरचेवर होतो. आमच्या चार वर्षांच्या मुलालाही सतत सर्दी असते व अंगावर पुरळ उठते. दोघांच्याही रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक आला. शेजारच्या काकू म्हणतात की शिशाने प्रतिकारशक्ती मेली आहे, तेव्हा शरीरातील विष बाहेर काढणारे चूर्ण घ्या. यात तथ्य किती? (एक वाचिका, जालना जिल्हा)

उत्तर : आपली शंका योग्य दिशेची आहे, परंतु ‘प्रतिकारशक्ती मेली’ या शब्दांनी जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते चुकीचे आहे आणि त्यातूनच चूर्णासारखे चुकीचे उपाय सुचतात. नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी किती आहेत एवढेच मोजले जाते; त्या पेशी आपले काम कसे करतात हे त्यातून कळत नाही. शिशाचा उपद्रव प्रामुख्याने या दुसऱ्या बाबतीत असतो, म्हणून आकडा ठीक येऊनही शिसे शरीरात असू शकते.

पेशीच्या दृष्टीने शिसे कॅल्शियमसारखे दिसते. पांढऱ्या पेशीला धोक्याची सूचना मिळाली की तिच्या आत कॅल्शियमची पातळी वाढते आणि त्या इशाऱ्यावर पुढील सारे काम सुरू होते. कॅल्शियमच्या जागी शिसे जाऊन बसले की हे इशारे विस्कळीत होतात. भक्षक पेशी जंतूला गिळल्यानंतर त्याला मारण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. प्रयोगशाळेत शिशाच्या संपर्कात ठेवलेल्या भक्षक पेशींमध्ये नेमकी हीच निर्मिती घटलेली आढळते, म्हणजे पेशी जिवंत असते, जंतूला गिळतेही, पण त्याचा निकाल लावण्यात कमी पडते. दुसरा परिणाम टी पेशींवर, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, होतो. मदतनीस टी पेशींच्या दोन ठळक शाखा आहेत : एक मुख्यतः पेशींच्या आत दडणाऱ्या जंतूंविरुद्ध काम करते, तर दुसरी कृमींविरुद्ध लढते आणि ॲलर्जीलाही तीच कारणीभूत ठरते. शिशामुळे पारडे दुसऱ्या शाखेकडे झुकते. ज्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक आहे त्यांच्यात ॲलर्जीशी संबंधित असलेले आयजीई हे प्रतिपिंड वाढलेले अनेक पाहण्यांमध्ये दिसले आहे, त्याची संगती या झुकण्याशी लागते. एकाच विषाने प्रतिकारयंत्रणेची एक बाजू मंदावते आणि दुसरी नको तितकी चेतते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला येथे किती अपुरा आहे ते कळेल.

तरीही आपल्या मुलाची सर्दी शिशामुळेच होते असे मी म्हणणार नाही. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे आणि पुरळ उठण्याची कारणेही पुष्कळ असतात. मात्र त्याच्या वडिलांच्या कामाचे स्वरूप पाहता तपासणी टाळण्याजोगी नाही. दोघांच्याही रक्तातील शिशाची पातळी शिरेतून रक्त घेऊन तपासून घ्या. नेहमीच्या रक्ततपासणीत ती येत नाही, तिची स्वतंत्रपणे मागणी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानत नाही आणि प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक पातळी आढळल्यास शिसे कोठून येते याचा शोध घेण्यास सांगते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांसाठीची संदर्भपातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ वर आणली.

मुलाची काळजी मला यजमानांपेक्षा अधिक वाटते, हे स्पष्टच लिहितो. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात शोषला जातो, तर लहान मुलात हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत असते, आणि मुलाला लोह किंवा कॅल्शियम कमी पडत असेल तर ते आणखी वाढते. शिशाची धूळ कामाच्या कपड्यांवरून, चपलांवरून, केसांतून घरी येते. म्हणून यजमानांनी शक्य असेल तर कारखान्यातच आंघोळ करून कपडे बदलून यावे, ते शक्य नसेल तर घरी आल्याबरोबर मुलाला जवळ घेण्याआधी आंघोळ करावी. कामाचे कपडे कधीही न झटकता वेगळे धुवावेत. घरात झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा फरशी ओल्या फडक्याने पुसावी. कामाच्या जागी डबा खाऊ नये, बिडी-तंबाखूला हात लावू नये. बिडी-सिगारेटच्या धुरातून कॅडमियम हा आणखी एक विषारी धातूही शरीरात जातो आणि तो मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे टिकून राहतो.

आता चूर्णाविषयी. रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्म्यावर येते, पण प्रौढाच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठलेले असते आणि तेथून ते वर्षानुवर्षे हळूहळू रक्तात उतरत राहते. कोणतेही चूर्ण, काढा किंवा रस त्याला ओढून बाहेर काढू शकत नाही. उलट धोकाच संभवतो : बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. सगळीच औषधे तशी असतात असा याचा अर्थ नव्हे. परंतु शिसे घालवण्यासाठी घेतलेल्या पुडीतच शिसे असावे, हा धोका पत्करण्याचे कारण काय? शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती पातळी फार वाढल्यावर, मुलांमध्ये सर्वसाधारणपणे ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे, रुग्णालयाच्या देखरेखीखालीच दिली जातात. त्याखालील पातळीला स्रोत तोडणे हाच उपचार होय. शिशाची विषबाधा कायद्यात अधिसूचित रोग, म्हणजे सरकारी यंत्रणेला कळवावा लागणारा कामाशी निगडित रोग, म्हणून नोंदलेली आहे, हे यजमानांना अवश्य सांगा आणि तपासणीचा अहवाल जपून ठेवा.

प्रश्न : माझी धाकटी बहीण वर्षभर गोरेपणाची एक क्रीम लावत होती. आता तिच्या पायांवर सूज आहे, लघवीला फेस येतो. डॉक्टरांनी सर्वांत आधी क्रीमबद्दल विचारले आणि म्हणाले की तिच्याच प्रतिपिंडांनी मूत्रपिंडाला इजा केली आहे. चेहऱ्याच्या क्रीमचा मूत्रपिंडाशी काय संबंध? तीच क्रीम लावणाऱ्या तिच्या मैत्रिणीला काहीच कसे झाले नाही? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपल्या बहिणीला असा प्रश्न विचारणारे डॉक्टर भेटले हे फार चांगले झाले. त्वचेचा रंग ठरवणारे मेलॅनिन ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तयार होते त्याला पारा अडवतो, म्हणून बेकायदा विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये पाऱ्याची संयुगे मिसळलेली असतात. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याचा मुख्य गुण असा की तो प्रथिनांतील गंधकयुक्त भागांना घट्ट चिकटतो. त्यामुळे स्वतःच्या प्रथिनांना परके न मानण्याची टी पेशींची शिस्त ढळू शकते, त्या बी पेशींना चेतवतात आणि बी पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे मूत्रपिंडाच्या गाळणीवर साचली की गाळणीतून प्रथिने गळू लागतात. लघवीतला फेस आणि पायांची सूज त्यामुळेच येते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांना अशाच रुग्णांमध्ये नेल-१ या प्रथिनाशी निगडित असलेला गाळणीचा आजार आढळला, त्यांपैकी अनेकजण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते आणि २०२३ मध्ये हे प्रकरण देशभर चर्चेत आले. पारा असलेली पारंपरिक औषधे घेणाऱ्या दक्षिण भारतातील रुग्णांमध्येही हाच आजार नोंदला गेला आहे.

मैत्रिणीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतील उंदीरवर्गीय प्राण्यांनी बऱ्याच आधी दिलेले आहे. मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या संयुगाचे सारखेच प्रमाण ब्राऊन नॉर्वे जातकुळीच्या घुशींना दिल्यास त्यांच्यात स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे उसळतात, तर लुईस जातकुळीच्या घुशींना हा आजार होत नाही. कोणाच्या पेशी पाऱ्याला कसा प्रतिसाद देतील हे बऱ्याच अंशी अनुवंशावर ठरते. मात्र यावरून मैत्रीण सुरक्षित आहे असे समजू नका. पारा तिच्याही शरीरात गेलेला आहे आणि तो मज्जासंस्थेलाही अपाय करतो. तिने क्रीम ताबडतोब बंद करून लघवीची व रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आशेची बाब अशी की क्रीम बंद केल्यावर आणि मूत्रपिंडाचे रक्षण करणारी औषधे दिल्यावर अशा बहुतेक रुग्णांची प्रथिनगळती हळूहळू थांबल्याचे दिसले आहे. त्याला काही महिने लागतात, तेवढा धीर धरावा. क्रीमची डबी फेकून न देता घट्ट बंद पिशवीत घालून डॉक्टरांकडे द्या, म्हणजे तिची तपासणी करता येईल. तिचे टॉवेल, उशीचे अभ्रे बदला, कारण पाऱ्याचा अंश त्यांवरही उतरतो आणि घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचतो. आपल्याकडील सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे अशा क्रीममध्ये अनवधानाने आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागाहून अधिक असता कामा नये. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नाही, किंवा सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना आहे, ती घरात आणूच नये. पारा सोन्याशी संयोग पावतो म्हणून ती सूचना छापलेली असते.

प्रश्न : खोटे कानातले घातले की दोन दिवसांनी माझे कान चिघळतात. आईला मात्र काही होत नाही. प्रतिकारशक्ती कमी असल्याचे हे लक्षण आहे का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : मुळीच नाही, आपल्या टी पेशींची स्मरणशक्ती फार चांगली आहे, एवढाच याचा अर्थ. स्वस्त दागिन्यांतील निकेल घामात विरघळते आणि त्वचेत शिरते. माणसाच्या पहारेकरी पेशींवर जंतू ओळखणारा टीएलआर-४ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो व त्यातील हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंना निकेल थेट चिकटते, हे २०१० मध्ये दाखवून देण्यात आले. त्या पेशींना जंतूच आल्याचा भास होतो आणि त्या टी पेशींना बोलावतात. उंदरांच्या ग्राहकात हे हिस्टिडिन नसतात, म्हणून त्यांना निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही. टी पेशी गोळा व्हायला वेळ लागत असल्यामुळे त्रास लगेच न होता एक ते तीन दिवसांनी दिसतो. आईच्या टी पेशींनी निकेलची अशी ओळख अद्याप धरलेली नाही, पुढे कधी धरणारच नाहीत असे मात्र नव्हे.

त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच चाचणी (संशयित पदार्थाची पट्टी त्वचेवर चिकटवून केलेली तपासणी) करून खात्री करून घ्या. एकदा जडलेली ही स्मृती बहुधा आयुष्यभर टिकते, म्हणून स्टीलच्या साध्या कड्यांऐवजी टायटॅनियमचे किंवा शुद्ध चांदीचे कानातले वापरा. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकते, तेव्हा खरेदी करताना सराफाला विचारा. दातांना तार बसवायची वेळ आली किंवा पुढे कधी हाडात धातूची पट्टी घालावी लागली, तर या ॲलर्जीची कल्पना डॉक्टरांना आधी द्या.