जबड्याचं हाड जुळलं नाही, तर सातवं अक्षर कोणतं?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बीएचएमएस झाल्यावर त्या पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून अमेरिकन चार्ट कोड करतात, म्हणजे रुग्णांच्या नोंदींतल्या निदानांना अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम यादीतले कोड देतात. फ्रॅक्चरच्या कोडचं सातवं, शेवटचं अक्षर उपचाराचा टप्पा सांगतं. रुग्णाचा जबडा डाव्या कोनाशी मोडला होता आणि चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या हॉस्पिटलात प्लेट बसवली होती. आता सर्जनने 'नॉनयुनियन' (हाड न जुळणं) लिहून जुनी प्लेट काढली, नवी बसवली आणि मध्ये कमरेच्या हाडाचा तुकडा भरला. ऑपरेशन झालं म्हणजे अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट, असं धरून ताईंनी सातवं अक्षर 'ए' दिलं. ऑडिटरने ते चूक ठरवलं. मग त्या विचारतात, 'ए' नक्की कधी द्यायचा? आणि वाकडं जुळलेल्या हाडाला 'पी' दिला तर सॉफ्टवेअर का घेत नाही?

ताई, ऑडिटरचं बरोबर आहे. तुमचा कोड एस०२.६५२के: जबड्याच्या डाव्या कोनाचं फ्रॅक्चर, आणि 'के' म्हणजे न जुळलेलं. पण तुमची शंका रास्त आहे, इथे भलेभले अडखळतात. अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट म्हणजे 'ए' हा नियम खुद्द फ्रॅक्चरच्या उपचारासाठी आहे. तो उपचार चार महिन्यांपूर्वी झाला. आता उपचार चालू आहे तो गुंतागुंतीवर, आणि नॉनयुनियन, मालयुनियन (वाकडं जुळणं) अशा गुंतागुंतींना त्यांचं स्वतःचं अक्षर द्यायचं, असं गाइडलाइन स्पष्ट सांगते. ऑपरेशन कितीही मोठं असलं तरी ते 'के'चंच राहतं. हॉस्पिटल बदललं, सर्जन नवा आला, तरीही फरक पडत नाही.

'ए' कधी? आपल्याकडचं उदाहरण घ्या. उसाच्या हंगामात रात्री ट्रॉलीला धडकून कुणी गाडीवरून पडतो, जबडा सुजतो. आठ दिवस हळदीचा लेप लावून तो पेज पीत घरीच काढतो. सूज उतरते, पण चावता येत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांनी मिरजेला येतो. हाड जुळलेलं नाही, पण त्यावर आजवर कुणी उपचारच केलेला नाही. ज्याने उपचार घ्यायलाच उशीर केला, त्याला 'ए'. म्हणून चार्ट उघडल्यावर आधी हे शोधा: या हाडावर पूर्वी उपचार झालाय का?

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. नॉनयुनियन आहे हे डॉक्टरने लिहायचं, आपण ठरवायचं नाही. तपासताना सर्जन तुटीच्या एका बाजूला एका हाताचा अंगठा आणि बोटं ठेवतो, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या हाताची, आणि दोन्ही तुकडे हलके वरखाली करून बघतो. चार्टमध्ये एवढंच येतं, 'फ्रॅक्चर साइट मोबाइल'. वाचून आपल्याला कळतं हाड जुळलं नाही, पण तेवढ्यावर 'के' देता येत नाही. तारखा मोजूनही नाही. जबडा साधारण चार ते सहा आठवड्यांत धरतो, म्हणून दहाव्या आठवड्याला आपणच 'के' टाकायचा असं नसतं. डॉक्टरच्या मते ते नुसतं उशिरा भरणं असेल, तर अक्षर 'जी' होतं. कवटीच्या बाबतीत तर जास्त जपा. तिथली भेग सीटीत कित्येक महिने दिसत राहू शकते, आणि रेडिओलॉजिस्टने 'भेग अजून दिसते' लिहिलं म्हणजे त्याने नॉनयुनियन म्हटलं असं होत नाही.

अशा वेळी डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवा, पण उत्तर सुचवू नका. 'तपासणीत तुकडे हलतात, सीटीत भेग दिसते, अशी नोंद आहे. हाड भरण्याच्या स्थितीबद्दल आपलं निदान लिहावं', एवढं पुरे. पर्याय दिलेत तर नेहमीसारखं भरतंय, उशिरा भरतंय, जुळलं नाही, वाकडं जुळलं, इतर, सांगता येत नाही, हे सगळे द्या.

'पी'चं उत्तर सरळ आहे. एस०२ म्हणजे कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांची फ्रॅक्चर; त्यात ए, बी, डी, जी, के, एस एवढीच अक्षरं आहेत. हातापायाच्या हाडांवरून सवय लागते म्हणून बोट 'पी'कडे जातं. चेहऱ्याचं हाड वाकडं जुळलं असेल तर आज त्रास कसला आहे ते पाहा. दात नीट मिटत नसतील तर एम२६ मधला योग्य कोड, नाक वाकडं राहिलं असेल तर एम९५.०, तो आधी, आणि मागोमाग मूळ फ्रॅक्चरचा कोड 'एस' (जुन्या दुखापतीचा मागे राहिलेला परिणाम) लावून. मी असंच करतो.

इथल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम केलेल्यांना एम८४.१ आठवेल. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मधला नॉनयुनियनचा कोड, अमेरिकन आवृत्तीत तो नाहीच. आणि तंबाखू किंवा गुटख्यामुळे जबड्याचा कॅन्सर होऊन हाड मोडलं असेल तर एस०२ कडे जाऊच नका, ते एम८४.५८ मध्ये जातं.

तुमच्या चार्टमध्ये आणखी काही गोष्टी बघून घ्या. जुनी प्लेट तुटलेली होती का? असेल तर टी८४.२१८ए जोडा. प्लेटला जंतुसंसर्ग लिहिला असेल तर टी८४.६९एक्सए. रुग्णाला तंबाखू चघळण्याचं व्यसन असल्याचं निदान डॉक्टरने लिहिलं असेल तर एफ१७.२२०, हाड न जुळण्यामागे तंबाखूचा हात असू शकतो, तेव्हा तो गाळू नका. अपघाताच्या कारणाच्या कोडला 'के' नसतो, तिथे 'डी' (पुढच्या उपचाराची भेट) द्या. प्रोसीजरला २१२१५ (सीपीटी या अमेरिकन प्रोसीजर-यादीतला, खालच्या जबड्यात हाड भरण्याचा कोड) लावणार असाल, तर कमरेचं हाड काढण्याचा कोड वेगळा लावू नका, तो त्यातच धरलेला आहे.