खाऱ्या पाण्याचं रीळ: घेताना आणि घेतल्यावर

भावा, समुद्रात गळाने मासे धरायचं रीळ घेताना बेअरिंगच्या आकड्याला भुलू नकोस. डब्यावर 12+1 छापलेलं स्वस्त रीळ एका सीझनमध्ये करकरायला लागतं. बॉडी धातूची आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक) सीलबंद आहे का, ते आधी बघ. कोकणात खडकावरून जिताडा, तांबोशीच्या मागे जायचं तर 4000 ते 5000 साइज पुरते. डायवा बीजी या रिळाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. पेन स्लॅमर 4 ला आयपीएक्स 6 दर्जाचं, पाणी आत शिरू न देणारं सीलिंग आहे, पण आधी खिसा बघ!

घरी आलास की जेवणाआधी रीळ. ड्रॅग घट्ट आवळ, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जात नाही, आणि मगाने गोडं पाणी हळू ओत. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो, आणि बादलीत बुडवणं तर अजिबात नको. पुसून सावलीत वाळव, मग ड्रॅग सैल करून ठेव.

बहुतेकदा आधी मरतो तो लाइन रोलर, म्हणजे दोरा रिळावर वळवणारी छोटी चाकी, कारण खारं पाणी घेऊन येणारा दोरा त्याच्यावरूनच जातो. बोटाने फिरवून बघ. जड वाटला तर तेलाचा एक थेंब. ग्रीस मेन गिअरला लाव, हँडल उलटं फिरू न देणाऱ्या अँटी-रिव्हर्स क्लचला नाही, नाहीतर ऐन ओढाओढीत हँडल उलटं फिरेल. आणि फोटो काढायच्या नादात रीळ वाळूत टेकवू नकोस, प्लीज.