वाचकांचे प्रश्न : सरळ रेषेत सरकणारा आर्म

प्रश्न : चोर बाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात टेक्निक्स एसएल-१० हा सरळ रेषेत सरकणाऱ्या आर्मचा (म्हणजे सुई धरणाऱ्या हाताचा) रेकॉर्ड प्लेअर पाहिला. त्यावर १०० व्होल्ट असे छापलेले आहे. थाळी फिरते, पण झाकणातला आर्म जागचा हलत नाही. ‘फक्त पट्टा बदलायचा आहे,’ असे दुकानदार म्हणतो. घरी वडिलांच्या नाट्यसंगीताच्या दीडशे एलपी आहेत. हा प्लेअर घ्यावा का, आणि अशा आर्मचा रेकॉर्डना खरोखर फायदा होतो का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. रेकॉर्डची मूळ चकती कापताना कापणारी सुई काठापासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपल्या नेहमीच्या प्लेअरचा आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरत कमानीत जातो, त्यामुळे सुई खाचेशी अचूक जुळते ती साऱ्या वाटेवर फक्त दोनच ठिकाणी आणि इतरत्र थोडी तिरकी राहते. सरळ सरकणाऱ्या आर्ममध्ये हा तिरकेपणा जवळजवळ नाहीसा होतो, शिवाय सुईला आत ओढणारा जोर नसल्याने तो तोलणारी वेगळी योजनाही लागत नाही. लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यातला ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू येतो, हा फरक मला मोलाचा वाटतो. मात्र तबकड्यांचे आयुष्य त्याहून अधिक सुईच्या टोकावर अवलंबून असते. झिजलेली सुई कोणत्याही आर्मवर बसवली तरी खाच खरवडणारच.

आता खरेदीविषयी. दुकानदाराचे म्हणणे खरे असू शकते. एसएल-१०ची थाळी थेट मोटरवर फिरते, पण आर्म सरकवणारी छोटी मोटर रबराच्या बारीक पट्ट्याने चालते, आणि इतक्या वर्षांनी तो पट्टा सैल झालेला असतो किंवा, मुंबईच्या दमट हवेत अनेकदा दिसते तसा, डांबरासारखा वितळून पुलीला चिकटलेला असतो. पट्टा स्वस्त असतो. वेळ जातो तो पुलीवरचे काळे किटण कानकोरण्यासारख्या कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, कणाकणाने काढण्यात. पण आर्म न हलण्याची इतरही कारणे असतात, आणि ती पट्टा बदलल्याशिवाय उघडकीला येत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दुकानदाराने पट्टा बदलून, आपल्यासमोर एक पूर्ण बाजू वाजवून दाखवावी. तसे होणार नसेल, तर नादुरुस्त यंत्राचीच किंमत द्यावी. पहिले गाणे नीट वाजले एवढ्यावर समाधान मानू नका. बावीस मिनिटांच्या बाजूत रेकॉर्ड सुमारे ७३३ फेरे घेते, म्हणजे आर्मला दर फेऱ्याला मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतके सरकायचे असते, आणि कुठे अडखळ असेल तर ती मधल्या किंवा शेवटच्या गाण्यात दिसते. शेवटी आर्म आपोआप उचलला जाऊन परत जागेवर येतो की नाही, हेही पाहावे.

१०० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये एकदा जरी घातले, तरी आतला ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका आहे. लॅमिंग्टन रोडवर व्होल्टेज उतरवणारे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतात. ११० व्होल्टचा पुढे केला तर तो नाकारून १०० व्होल्टचाच मागावा. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आर्मच्या टोकाचा भाग, स्क्रूने बसवण्याचे नाही, तर खोचण्याचे आहे. या प्रकारात कार्ट्रिजचे वजन ६ ग्रॅम आणि सुईचा दाब १.२५ ग्रॅम ठरलेला असतो, त्यामुळे जोडणी सोपी, पण निवड मर्यादित. सुई नसलेले यंत्र घेताना तो खर्च आधी किमतीत धरावा.

प्रश्न : माझ्याकडील याच प्रकारच्या प्लेअरचा पट्टा कारागिराकडून बदलून घेतला. दहा मिनिटे उत्तम वाजते आणि मग तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. पावसाळ्यात त्रास वाढतो.
– एक वाचक, पार्ले

उत्तर : तीच रेकॉर्ड साध्या प्लेअरवर लावून पाहा. तिथे अडत नसेल, तर दोष आर्म सरकण्याच्या वाटेवर आहे. सुई खाचेबरोबर पुढे गेली की आर्म किंचित वळतो, हे वळणे एका बारीक फटीतून जाणाऱ्या प्रकाशावरून सेन्सर ओळखतो आणि मोटर आर्मचा गाडा पुढे ढकलते. गाडा ज्या दांडीवरून सरकतो तिच्यावरचे जुने ग्रीस मधाळ झाले असेल, तर मोटर ओढत असूनही गाडा मागे राहतो आणि सुई उडून मागच्या खाचेत पडते. प्लग काढून, बोटाने ढकलून नव्हे, तर पुलीच फिरवून गाडा टोकापासून टोकापर्यंत न्या. कुठे जड लागतो ते हाताला लगेच कळते. जुने ग्रीस पूर्ण पुसून दांडीवर हलक्या तेलाचा पुसट थर आणि दातेरी चाकांवर नवे ग्रीस कणभर लावा. घरात गंजावर मारायचा फवारा तिथे कृपा करून वापरू नका. तो उडून गेल्यावर मागे राहणारा चिकट थर धूळ धरून ठेवतो. सेन्सरची फट फुंकणीने साफ करा.

एवढे करूनही अडले, तरच सर्किटकडे वळावे, आणि तिथे आधी सोल्डरिंगचे सैल झालेले डाग पाहावेत. सर्किट जुळवण्याच्या लहान प्रीसेट स्क्रूंना हात लावण्यापूर्वी त्यांच्या मूळ जागेची मार्करने खूण करा. मी एकदा ती न करता एक स्क्रू फिरवला आणि आर्म पुन्हा सरळ चालायला दोन रविवार गेले.

प्रश्न : अशाच प्लेअरवर लाल, पारदर्शक रेकॉर्ड ठेवली की आर्म खाली उतरतच नाही. बिघाड आहे का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : बहुधा नाही. थाळीवर रेकॉर्ड आहे की नाही आणि ती १२ इंची आहे की ७ इंची, हे असे बरेच प्लेअर प्रकाशावरून ठरवतात. पारदर्शक रेकॉर्डमधून प्रकाश आरपार गेला, की थाळी रिकामी आहे असे समजून यंत्र सुई वाचवण्यासाठी आर्म खाली सोडत नाही. आपल्या मॉडेलवर आकार हाताने निवडण्याचे बटण असेल तर ते वापरून पाहा. काळ्या रेकॉर्डवरही तसेच होऊ लागले, तर मात्र सेन्सर किंवा त्याचा दिवा तपासून घ्यावा.