ब्रिकेट प्लांटला स्कोप आहे का?

परतूरकडच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा २० वर्षांचा, बारावी सायन्स ५८ टक्के, नीट दोनदा दिली, जमलं नाही. आता वडिलांनी ठरवलंय की पऱ्हाटीपासून (कपाशीची वाळलेली झाडं) ब्रिकेट, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायची दाबून केलेली कांडी, मशीनवाले जिला पांढरा कोळसा म्हणतात, तिचा प्लांट टाकायचा, ३५ लाखांचा प्रोजेक्ट, कर्ज पोराच्या नावावर. विचारलंय एवढंच की या लाइनला स्कोप आहे का.

भाऊ, स्कोपचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय, "दोन वर्षं वाया घातली, आता त्याच्याकडून भरून घ्यायचीत." घातली कोणी? तुमच्याच पत्रात आहे की त्याला डिप्लोमा करायचा होता, पण पाव्हण्यांची दोन पोरं एमबीबीएसला लागली म्हणून तुम्ही त्याला लातूरला क्लासला नेऊन टाकलं. म्हणजे ठरवलं तुम्ही, नापास झालं ते, अन् वसुली पण त्याच्याकडूनच, तीही बँकेच्या हप्त्यानं. वर परत तक्रार की हल्ली घरात कोणाशी बोलत नाही. काय बोलणार लेकरू?

आता पऱ्हाटी. "आमच्याकडं फुकट पडलेली असते" हे आधी डोक्यातून काढा. बोंडअळीच्या भीतीनं लोक आता फरदड (वेचणी संपल्यावरही कपाशी रानात ठेवणं) ठेवत नाहीत, डिसेंबर-जानेवारीत रान मोकळं करतात, म्हणजे माल येणार दोन-तीन महिने अन् बॉयलरवाल्याला लागणार बारा महिने, तेवढ्यात वर्षाचा साठा करायचा. ट्रॉली डोंगराएवढी दिसते पण काट्यावर वजन काहीच भरत नाही, डिझेल मात्र पूर्ण जळतं. उपटून आणलेली असली तर मुळाला माती असते, ती मशीनचे डाय अन् पंच, म्हणजे कांडी दाबणारा साचा अन् दांडा, घासून खाते. मग कुट्टी करा, वाळवा, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणा, नाहीतर आत वाफ धरून कांडी फुटते. अन् आज जे बांधावर पेटवून देतात ना, तेच लोक तुमचं मशीन सुरू झालं की दुसऱ्या दिवशी भाव सांगतील.

मी एका गोडावूनात ही कांडी हातात घेतलेली आहे. ९० एमएमची, मुठीत मावत नाही, वरून तेल लावल्यासारखी चकचकीत. यात डिंक-बिंक काही घालत नाहीत, काडीतलंच लिग्निन, म्हणजे लाकडाला धरून ठेवणारं द्रव्य, दाबानं अन् उष्णतेनं मऊ होऊन सगळं धरून ठेवतं. पत्र्यातून गळणाऱ्या पाण्यात रात्रभर राहिली होती ती, खालच्या बाजूचा नुसता कोंडा झालेला. म्हणजे शेडचा खर्च धरा. (शेगडीचा कोळसा पण त्याच मशीनवर निघेल असं तुम्ही लिहिलंय, तसं नसतं. त्यात आधी जाळून कोळसा करतात, लिग्निन तिथंच संपतं, म्हणून स्टार्च नाहीतर शेण घालून बांधावं लागतं. मशीन वेगळं, गिऱ्हाईक वेगळं.)

मशीनवाल्यानं परळीच्या थर्मलचं नाव घेतलं म्हणे. सरकारनं कोळशाच्या वीज केंद्रांना बायोमास मिसळायला लावलंय हे खरंय, पण त्यांना मुख्यतः पेलेट लागतात, त्या बारीक गोळ्या या मशीनमधून निघत नाहीत. साखर कारखाना स्वतःचं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळतो. राहिले एमआयडीसीतले अन् सोयाबीन तेलवाल्यांचे बॉयलर, त्यातल्या किती जणांना तुम्ही भेटलात? अन् पीएमईजीपीची (केंद्राची रोजगार निर्मितीची कर्ज योजना) सबसिडी हातात पडत नाही, ३ वर्षं बँकेतच अडकून राहते.

धंदा वाईट नाही, पण तो कर्ज काढून शिकायचा नसतो.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "रिकामा असला की मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो." तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली, मला अख्ख्या पत्रात तेवढीच कामाची वाटली. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल. आयटीआय पण आहे. बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा असते, त्याची माहिती काढा. नीट तिसऱ्यांदा नको. अन् ब्रिकेटचंच मनात असेल तर एक सीझन दुसऱ्याच्या प्लांटवर पगारानं राहू द्या, डाय किती दिवसांनी बदलावी लागते अन् पेमेंट किती महिन्यांनी येतं हे त्याला तिथंच कळेल. तोवर शेत गहाण टाकू नका.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाठवायच्या आधी तुम्ही वाचायचं नाही.