थर्टी-थर्टीची काडतुसं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हरणांचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी शिकाऱ्यांची पत्रं वाढतात आणि त्यातली बरीचशी थर्टी-थर्टी विंचेस्टरबद्दल असतात. ते साहजिक आहे. हे काडतूस १८९५ साली मॉडेल १८९४ या लिव्हर रायफलसाठी (चापाजवळचा दांडा खालीवर करून काडतूस आत घेणाऱ्या रायफलसाठी) आलं. जुनी लिव्हर रायफल स्वस्तात हाती लागते, म्हणून आपल्याकडचे बरेच नवशिके तिच्यापासूनच सुरुवात करतात. दरवर्षी गोंधळ मात्र तोच असतो, म्हणून या वेळी पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : व्हाइटटेल हरणासाठी १५० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी घ्यावी की १७० ग्रेनची? (पेनसिल्व्हेनिया)

दोन्ही पुरतात. दोन्हींचा एकेक डबा आणा, रेंजवर टेकू घेऊन १०० यार्डांवर झाडा आणि जिचे नेम जवळ जवळ पडतील ती ठेवा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, त्याच्याकडच्या महागड्या डब्याने जुनी थर्टी-थर्टी ३०० यार्डांची रायफल होते. खरं का? (जॉर्जिया)

नाही. डब्यावर छापलेला वेग साधारणपणे २४ इंची चाचणी-नळीत मोजलेला असतो आणि तुमच्या कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलची, नळी २० इंचांची आहे. इथेच पहिली गळती होते. साधी १५० ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे २,३९० फूट वेगाने निघते, तेव्हा तिची ऊर्जा १,९०० फूट-पाउंडांच्या आसपास असते. २०० यार्डांवर त्यातले साधारण ८६० उरतात. शिवाय १०० यार्डांवर नेम बसवलेला असेल, तर २०० यार्डांवर ती सात-आठ इंच खाली लागते. रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या, उदाहरणार्थ हॉर्नाडी कंपनीच्या लेव्हरइव्होल्यूशन, वेग थोडा जास्त टिकवतात, हे मान्य. पण दुर्बिणीशिवाय, उघड्या साइटने संधिप्रकाशात नेम धरणाऱ्या माणसाला त्या ३०० यार्डांवर नेत नाहीत. दीडशे यार्डांची मर्यादा ठेवा.

दुसरी युक्ती 'बाँडेड' गोळ्यांची. वेगवान मॅग्नम रायफलीत गोळी आदळून फुटते, म्हणून तिथे आवरण आणि शिसं घट्ट जोडलेलं लागतं. थर्टी-थर्टीच्या मध्यम वेगाला साधी मऊ टोकाची गोळी व्यवस्थित उमलते. दुप्पट पैसे देऊन हरणाला काही फरक पडत नाही.

प्रश्न : शेजारी सांगतो, टोकदार गोळ्यासुद्धा चालतात, फक्त मॅगझिनमध्ये एकच भरायची. (मिशिगन)

लिव्हर रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर) टेकलेलं असतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल, तर धक्क्यासरशी तेच टोक प्रायमरवर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनचं काम करू शकतं, आणि तेव्हा तुमचा डावा हात त्या नळीला लागूनच असतो. म्हणून थर्टी-थर्टीच्या गोळ्या चपट्या किंवा गोल तोंडाच्या असतात.

एक नळीच्या बुडाशी चेंबरमध्ये, एक मॅगझिनमध्ये, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण हरीण दिसल्यावर, थंडीने बोटं बधिर झालेली असताना, तिसरं काडतूस आत सरकवणारा माणूस मोजत नाही. हॉर्नाडीचं मऊ टोक याच कामासाठी केलेलं आहे, ते चालतं. तुमची रायफल सॅव्हेज ३४० सारखी बोल्ट-अ‍ॅक्शन असेल आणि काडतुसं एकावर एक राहत असतील, तर टोकदार गोळीला हरकत नाही. आपलं मॅगझिन कोणत्या प्रकारचं आहे ते गनस्मिथला दाखवून विचारा. शेजाऱ्याला नको.

प्रश्न : ओळखीचे एक निवृत्त काका वर्षानुवर्षं घरी रिकामी काडतुसं पुन्हा भरतात. त्यांनी आपलं दारूचं माप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि लिहिलं, 'पुस्तकवाले घाबरट असतात, वर अर्धा ग्रेन चालतो.' शिवाय काडतुसाच्या नावातच ३० ग्रेन आहेत. मग तेवढं भरायला काय हरकत? (टेक्सस)

हरकत आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या काकांच्या नावाने येतच राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नावातले दुसरे ३० हे एकोणिसाव्या शतकातल्या एका धूरविरहित दारूचं वजन आहे. ती दारू आज तुमच्या टेबलावर नाही. आजच्या एखाद्या मंद दारूचे तीस ग्रेन सौम्य ठरतील. पिस्तुलाच्या जलद दारूचे तेवढेच ग्रेन रायफल फोडतील.

काकांचं माप त्यांच्या रायफलचं आहे. त्यांची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच), त्यांचा प्रायमर, त्यांची गोळी, त्यांच्या दारूचा तो डबा. यातली एक गोष्ट बदलली तरी दाब बदलतो. १५० ग्रेनची तांब्याची गोळी घ्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी जास्त लांब. लांब गोळी पुंगळीत खोल बसते, आतली जागा कमी होते आणि तीच दारू जास्त दाब देते. वजन तेच आहे म्हणून शिशाच्या गोळीचं माप तांब्याच्या गोळीला लावणारे लोक मी पाहिले आहेत. लोणच्यात मीठ अंदाजाने पडलं तर बरणी खराब होते, इथे डोळे जातात.

आता 'घाबरट' पुस्तकांबद्दल. अमेरिकी उत्पादकांची मानकं ठरवणारी सामी ही संस्था थर्टी-थर्टीला कमाल ४२,००० पीएसआय (चौरस इंचावर पाउंड) दाब देते. .३०८ विंचेस्टर या दुसऱ्या रायफल-काडतुसाला ६२,०००. दोन्हींच्या गोळीचा व्यास सारखाच, ०.३०८ इंच, आणि मोह तिथेच होतो. पण रायफल सारखी नाही. जुन्या लिव्हर रायफलीत नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. झाडताना यंत्रणा किंचित ताणते, तिच्याबरोबर पुंगळीही ताणते, आणि तीच पुंगळी पुन्हा पुन्हा भरल्यावर बुडाच्या जरा वर तिची भिंत पातळ होऊन ती तुटते. बुडाच्या वर चमकदार रेषा दिसली की ती पुंगळी फेकायची.

काका म्हणतील, 'प्रायमर चपटा झाला नाही, पुंगळी अडकली नाही, म्हणजे दाब ठीक आहे.' मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. अशा खुणा बहुतेकदा खूप वरच्या दाबाला दिसू लागतात. ४२,००० च्या काडतुसात त्या दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. खूण दिसली नाही याचा अर्थ सुरक्षित आहे असा होत नाही.

मग करायचं काय? दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचं ताजं छापील मॅन्युअल घ्या. त्यात नेमकी तुमची गोळी आणि नेमकी तुमची दारू शोधा. सापडली नाही तर ती जोडी भरायची नाही. सर्वांत खालच्या मापापासून सुरुवात करा, थोडं थोडं वर जा आणि नेम चांगला पडू लागला की तिथेच थांबा. कमाल आकडा गाठायलाच हवा असं काही नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवा. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ ही नावं सारखी दिसतात, दारू वेगवेगळ्या आहेत. काटा दर वेळी तपासणीच्या वजनाने तपासा. प्रायमर बुडाच्या पातळीवर येऊ देऊ नका, किंचित आत बसवा. पुंगळ्या एका लांबीच्या कापा आणि गोळीवरच्या खाचेत क्रिंप करा, म्हणजे पुंगळीचं तोंड दाबून घट्ट बसवा, कारण मॅगझिनच्या स्प्रिंगचा आणि धक्क्याचा दाब सैल गोळीला आत ढकलतो आणि आत गेलेली गोळी दाब वाढवते.

मॅन्युअलमधलं काही कळलं नाही, तर दारूच्या कंपनीला फोन करा. उत्तर द्यायला तिथे माणसं असतात. पहिली खेप अनुभवी प्रशिक्षकाशेजारी बसून, मॅन्युअल उघडं ठेवून भरा. आणि काकांनी भरलेली काडतुसं भेट म्हणून आली, तर आभार माना, पण झाडू नका.

प्रश्न : ओहायोत थर्टी-थर्टीने हरणाची शिकार चालते का?

नाही. तिथे हरणासाठी सरळ भिंतीच्या पुंगळीचं काडतूस लागतं आणि थर्टी-थर्टीची पुंगळी मानेशी निमुळती आहे. नियम बदलत असतात, म्हणून राज्याच्या वन्यजीव विभागाची यंदाची पुस्तिका वाचा.

प्रश्न : कॅलिफोर्नियात राहतो. शिशाशिवाय पर्याय कोणता? आणि शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचं मांस लहान मुलांना चालतं का?

तुमच्या राज्यात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. बार्न्स कंपनीची १५० ग्रेनची चपट्या तोंडाची तांब्याची गोळी थर्टी-थर्टीसाठीच केलेली आहे. .३०८ साठीची तांब्याची गोळी मात्र आणू नका. तिला उमलायला जास्त वेग लागतो, शिवाय ती टोकदार असते.

मांसाबद्दल सांगायचं तर, शिशाचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरावर जातात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिम्यात मिसळतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने दान आलेला हरणाचा खिमा गरजूंना वाटू नका, असं अन्नकेंद्रांना सांगितलं होतं. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना असं मांस देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधीच खाल्लं असेल, तर डॉक्टरांना सांगा. रक्तातलं शिसं साध्या तपासणीत कळतं.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. मित्राने रायफल आणि काडतुसं माझ्या घरी ठेवली तर?

आजच परत करा, मग वकिलाला फोन करा. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना हातात असेल तर अपवाद आहे, पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. घरी काडतुसं भरली तरी ती काडतुसंच असतात. 'सगळेच ठेवतात' हे ऐकून व्हिसा पणाला लावू नका. इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला लेखी घ्या.

प्रश्न : विकत घेतलेल्या घराच्या माळ्यावर जुन्या काडतुसांचा डबा सापडला. पुंगळ्यांवर हिरवट थर आहे. वापरू का?

नको. स्थानिक पोलिसांना किंवा रेंजला विचारून जमा करा, कचऱ्यात टाकू नका. कोणतंही काडतूस चाप ओढूनही उडालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते.

प्रश्न : हंगाम पुढच्या शनिवारी सुरू होतोय. नेम गेल्या वर्षी बसवला होता, काडतुसं या वर्षी नवी घेतली. परत तपासायला हवं का?

हो, आणि हे ऑगस्टमध्ये करायला हवं होतं. गोळी बदलली की नेम बदलतो. जुन्या डब्यातली काडतुसं उरली असतील तर तीच न्या. नसतील, तर शुक्रवारच्या आत रेंजवर जा. तेही जमत नसेल, तर पहिला शनिवार सोडा. जखमी होऊन निघून गेलेल्या हरणाला तुमच्या सुट्टीचं कारण सांगता येणार नाही.

प्रश्न : पहिल्या हरणाची आठवण म्हणून रिकामी पुंगळी पुण्याला नेली तर चालेल का?

नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि विमानतळावर 'आठवण होती' हे उत्तर पुरत नाही. फोटो न्या. शिकारीला वापरलेली बॅग प्रवासाला न्यायचीच नाही. दुसरी नसेल, तर प्रत्येक कप्पा आणि अस्तर घरी उलटं करून तपासा.