रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं काहून?

फाइल टेबलावर ठेवता ठेवताच आई म्हणाल्या, "मॅडम, थायरॉइड झालं, सोनोग्राफी झाली, हार्मोन्स झाले. सगळं नॉर्मल. मग हे दुखणं काहून होऊन राह्यलं?" शेजारी अकरावीतली मुलगी, मान खाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पाळीचे पहिले दोन दिवस कळा, उलटी, जुलाब. घरच्यांचं मत एकच: कॉलेजात टेस्ट असली की हिचं पोट दुखतं.

"हार्मोन बिघडले म्हणून दुखतं" हे डोक्यात इतकं पक्कं असतं की रिपोर्ट चांगला आला की पोरगीच खोटी ठरते. मी कागदावर चित्र काढलं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं. गर्भ राहिला नाही की उतरतं. ते उतरलं की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. त्यांनी गर्भाशय आवळतं, रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो, कळ येते. म्हणजे हार्मोन्स आपलं काम चोख करत असतानाही दुखतं. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर हिला काहीच त्रास नव्हता, कारण सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत स्त्रीबीज बाहेरच पडत नाही.

"मग जुलाबही त्यानंच?" मुलगी पहिल्यांदा बोलली. त्यानंच, आतड्यालाही ती रसायनं डिवचतात. आई चित्राकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी मेफेनॅमिक ॲसिड ही दुखणं कमी करणारी गोळी लिहून दिली होती. पण 'सवय लागते' म्हणून गोळी निघायची ती पोरगी लोळायला लागल्यावर! सवय लागणारी ही गोळी नव्हे. ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखते, म्हणून कळ शिगेला पोचल्यावर घेतली की उशीर झालेला असतो. दुखायला लागताच, काही खाऊन घ्यायची. मात्रा आणि वेळ डॉक्टरांना पुन्हा विचारा, म्हटलं. गरम पाण्याच्या पिशवीनंही आराम पडतो. आणि हो, 'आंबट' म्हणून त्या दिवसांत संत्री बंद होती. नागपुरात, ऐन हिवाळ्यात! ती सुरू केली.

त्रासाची नोंद ठेवायला एक वही करायला सांगितली. गोळीनं उतार पडत नाही, पाळी नसतानाही दुखतं, शौचाला-लघवीला कळ येते, त्रास वाढतच जातो, असं दिसलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचंच. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, साध्या सोनोग्राफीत नजरेतून सुटू शकतो.

तिसऱ्या महिन्यात वही आली. कॉलेज बुडालं: एक दिवस, तोही अर्धा. खाली गोळीची वेळ, आईच्या अक्षरात.